भल्या माणसांच्या हातून

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात ‘काबुलीवाला’ होती, तेवढीच रवींद्रनाथ ठाकूर यांची कथा मला माहीत. अलीकडे त्यांच्या कथांचा एक मराठी अनुवाद हाती आला. कथा जुन्या, खेडी आता दुसऱ्या देशात गेलेली, त्यात कुठे धक्के नाहीत की रहस्य नाही. तरीही ‘पोस्टमास्टर’ डोक्यातून जात नाही. या कथांमध्ये असं काय आहे? की नोबेलवाल्या नावाचा दबदबाच आपल्याला भारावून टाकतो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : संशय घेतलात हे चांगलं केलंत, पण तारखा नोबेलच्या बाजूने साक्ष देत नाहीत. नोबेल मिळालं 1913 साली, तेही कवितांना, ‘गीतांजली’ला. ‘पोस्टमास्टर’ छापून आली 1891 मध्ये, कोलकात्याच्या ‘हितवादी’ नावाच्या नव्या साप्ताहिकात. लेखक तिशीतला होता. कवी म्हणून बंगालमध्ये नाव झालेलं होतं, पण दाढीधारी ‘गुरुदेव’ व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. त्या वाचकांना दबदबा ठाऊक नव्हता. त्यांनी आठवड्याच्या अंकात एक गोष्ट वाचली आणि तीही त्यांना तशीच छळत राहिली असावी.

आता ‘पोस्टमास्टर’मध्ये घडतं काय ते बघू. कोलकात्याचा एक तरुण उलापूर नावाच्या आडगावी पोस्टमास्तर म्हणून येतो. नीळ पिकवणाऱ्या साहेबाने खटपट करून तिथे पोस्ट आणलेलं आहे. गावात बोलायला कोणी नाही. बारा-तेरा वर्षांची रतन नावाची अनाथ पोर त्याची कामं करते आणि त्याबदल्यात दोन घास खाते. वेळ जाईना म्हणून तो तिला अक्षरं शिकवतो, आपल्या घरच्यांविषयी सांगतो. पावसाळ्यात तो तापाने पडतो, तेव्हा ती पोर रात्रंदिवस त्याची सेवा करते. बरा झाल्यावर तो बदलीचा अर्ज करतो, अर्ज नामंजूर होतो आणि तो नोकरीच सोडून देतो. तुमच्या घरी मला न्याल का, असं रतन विचारते. तो हसतो आणि ते कसं शक्य आहे म्हणतो. जाताना पगारातले पैसे तिच्या हातात ठेवू पाहतो. ती पाय धरते, काही नको म्हणते आणि पळून जाते.

हा मास्तर वाईट माणूस आहे का? मुळीच नाही. त्याने तिला कधी मारलं नाही, तिच्यावर वाईट नजर टाकली नाही. उलट नव्या मास्तरांना तुझ्याविषयी सांगून जातो, असंही तो म्हणतो. नाव सुटल्यावर त्याच्या पोटात कालवतंही. परत जाऊन तिला घेऊन यावं, असं त्याला क्षणभर वाटतं. पण शिडात वारा भरलेला असतो, गाव मागे पडतं, नदीकाठचं स्मशान दिसू लागतं आणि त्याच्या मनात एक भारदस्त विचार येतो: आयुष्यात किती ताटातुटी, किती मरणं, परत जाऊन काय मिळणार, इथे कोण कुणाचं? रवींद्रनाथ लगेच सांगतात की रतनच्या मनात असं कुठलंही तत्त्वज्ञान नव्हतं. ती पोस्टाच्या घराभोवती रडत फिरत राहते, कारण दादाबाबू परत येतील ही आशा तिला सोडवत नाही.

मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. रवींद्रनाथांच्या सर्वांत टिकाऊ कथांमध्ये दुःख देणारी माणसं बहुधा भली असतात, आणि प्रत्येकाच्या हाताशी एक पटण्याजोगं कारण असतं. दुष्टाची गोष्ट वाचताना आपण रतनच्या बाजूला उभे राहून मोकळे होतो. इथे तसं होता येत नाही. मास्तरच्या जागी आपणही परत गेलो नसतो, हे आपल्याला ठाऊक असतं. रतनसाठी डोळे भरून येतात, पण डोक्यातून न जाणारा असतो तो मास्तर.

‘छुटी’ घ्या. फटिक हा गावातला दांडगट पोर. मामा भाच्याला शिक्षणासाठी कोलकात्याला आपल्या घरी नेतो. मामा प्रेमळ आहे. मामीला स्वतःची तीन मुलं आहेत, त्यात हा चौथा, तेरा-चौदा वर्षांचा, आवाज फुटलेला, कुठेच न बसणारा. ती राक्षसीण नाही, फक्त तिला तो जड होतो. आईलाही सुरुवातीला सुटल्यासारखंच वाटलेलं असतं. अशा चार भल्या माणसांमध्ये एक पोर सुट्टीची वाट बघत तापाने संपून जातं.

आणि ‘शास्ति’, म्हणजे शिक्षा. 1893 सालची ही कथा मला त्यांच्या सगळ्या कथांमध्ये सर्वांत कठोर वाटते. दुखीराम आणि छिदाम हे दोघे मजूर भाऊ दिवसभर जमीनदाराच्या कचेरीत राबून येतात. शेतात कापणीचे दिवस असताना पियाद्याने त्यांना जबरदस्तीने कचेरीचं छप्पर शाकारायला नेलेलं असतं. पुरती मजुरी मिळालेली नाही, शिव्या मात्र खाल्ल्या. घरी येऊन थोरला भात मागतो. त्याची बायको राधा फटकळपणे उत्तर देते, की तांदूळ आणून दिला होता का? भुकेल्या रागात तो तिच्या डोक्यात कोयता घालतो. तेवढ्यात सारावसुलीसाठी गावातला एक वजनदार गृहस्थ दारात येतो. भावाला वाचवायला छिदाम बोलून जातो की खून आपल्या बायकोने, चंदराने केला. पुढे तो हिशेब मांडतो: बायको गेली तर दुसरी मिळेल, भाऊ फासावर गेला तर दुसरा कुठून आणणार? चंदरावर त्याचा जीव आहे आणि ती सुटेल अशी युक्तीही तो तिला शिकवतो. ती युक्ती धुडकावून लावते. कोर्टात ठामपणे गुन्हा कबूल करते. फाशीच्या आधी नवरा भेटायला आला आहे असं कळल्यावर त्याला एका शब्दात झिडकारते.

इथेही छिदाम खलनायक नाही. भावावरचं प्रेम खरं, बायकोवरचंही खरं. पण ऐन वेळी दोघांपैकी कोणाला पणाला लावायचं, हे त्याने क्षणात ठरवलं आणि ते ठरवताना त्याला फारसं अवघडही गेलं नाही. चंदरा ज्याला क्षमा करत नाही ते हेच, आणि म्हणून तिचा हट्ट आजच्या वाचकालाही जुना वाटत नाही.

प्रश्न : कोलकात्यात जोडासाँकोच्या वाड्यात वाढलेल्या जमीनदाराच्या मुलाला खेड्यातली ही माणसं इतकी आतून कशी कळली?

उत्तर : जमीनदाराचा मुलगा होते म्हणूनच. वडील देवेंद्रनाथांनी पूर्व बंगालमधल्या मिळकतींची व्यवस्था त्यांच्यावर सोपवली आणि 1890 नंतरची जवळजवळ दहा वर्षं त्यांचा मुक्काम बराचसा शिलाईदह, शाहजादपूर आणि पतिसर या गावांमध्ये राहिला. ही तिन्ही गावं आज बांगलादेशात आहेत. ते पुष्कळदा ‘पद्मा’ नावाच्या घरनावेत राहत. नदीतून जाताना काठावरचं गाव दिसायचं, घाटावरची बोलणी ऐकू यायची, आणि कचेरीत बसलं की गाऱ्हाणी घेऊन रयत यायची.

त्या काळात त्यांनी पुतणी इंदिरादेवी हिला लिहिलेली पत्रं पुढे ‘छिन्नपत्र’ या नावाने निघाली. कथांचा कच्चा माल त्या पत्रांमध्ये जागोजागी सापडतो. शाहजादपूरच्या एका पत्रात काठावरची पोरं एक मोठी डोलकाठी ढकलत खेळताना दिसतात, मध्येच एक लहान मुलगी येऊन गंभीर चेहऱ्याने तिच्यावर बसते आणि पोरं तिला डोलकाठीसकट लोळवतात. ‘छुटी’ची सुरुवात तीच आहे, फक्त मुलीच्या जागी फटिकचा धाकटा भाऊ आला. सासरी निघालेल्या एका दांडग्या मुलीला नावेत बसवतानाचं दृश्य दुसऱ्या एका पत्रात आहे, त्यातून ‘समाप्ति’ची मृण्मयी घडली. पोस्टमास्तरही खरा होता. शाहजादपूरचं पोस्ट काही काळ ठाकुरांच्या कुठीतच होतं, तो मास्तर गप्पा मारायला येई आणि त्याच इमारतीत एका दुपारी रवींद्रनाथांनी कथा लिहिली. ‘हितवादी’त ती आल्यावर मास्तरसाहेब लाजत लाजत तिचा विषय काढत, हेही त्यांनी पत्रात नोंदवलं आहे.

पण निरीक्षण हा निम्माच भाग झाला. आता ‘शास्ति’कडे पुन्हा बघा. त्या खुनाचं मूळ कुठे आहे? जमीनदाराच्या कचेरीतल्या वेठीत. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः कोणत्या खुर्चीवर बसला होता? दोष दुरून दाखवणं सोपं असतं. रवींद्रनाथांनी ती कचेरी कथेतून गाळली नाही आणि तिच्यावर भाषणही केलं नाही. भुकेच्या कारणांमधलं एक कारण म्हणून ती तिथे ठेवून दिली. ‘काबुलीवाला’तला निवेदकही लेखकच आहे. तुरुंगातून सुटून आलेला काबुलीवाला रहमत काजळीने उमटवलेला आपल्या मुलीच्या हाताचा ठसा दाखवतो तेव्हा निवेदक हेलावतो, त्याला गावी जायला पैसे देतो, आणि त्यापायी स्वतःच्या मुलीच्या, मिनीच्या लग्नातले दिवे आणि बँड कमी करतो. भलेपणा आहे, पण तो ज्याला परवडतो त्याचा भलेपणा आहे. हे अंतर रवींद्रनाथांना दिसत होतं.

प्रश्न : या कथा फार हळव्या आहेत, कवीने लिहिलेल्या आहेत, असं काही जण म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला आणि तो त्यांना बोचायचा. शेवटच्या दिवसांतही ते सांगत होते की नद्यांवरून फिरताना जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं, वास्तवाची कमतरता माझ्या गोष्टींत नाही.

हळवेपणाचा आरोप थोडा खरा आहे. नदी, ढग, संध्याकाळ यांत ते कधी कधी रमतात, आणि काही कथांमध्ये करुण रस हात सैल सोडून वाढला आहे. सगळ्याच कथा एकाच प्रतीच्या आहेत असा दावा कोणी करू नये. ‘गल्पगुच्छ’ या संग्रहात नव्वदच्या आसपास कथा आहेत. ‘हितवादी’त सहा कथा दिल्यावर ते ठाकूर घराण्याच्याच ‘साधना’ मासिकाकडे वळले आणि 1891 ते 1895 या चार वर्षांत तिथे जवळजवळ दर महिन्याला एक कथा देत राहिले. अशा मागणीत काही कथा घाईच्या उतरणारच.

तरी हळव्या लेखकाची एक खूण असते: तो वाचकाला सांत्वन देऊन पाठवतो. रतनला नवा मास्तर मायेने जवळ करतो, असं एखादं वाक्य शेवटी घालणं अवघड नव्हतं. ते त्यांनी घातलं नाही. फटिकला वाचवलं नाही, चंदराला शेवटच्या क्षणी माफी दिली नाही. तत्त्वज्ञान कोणाला परवडतं आणि कोणाला नाही, हे एका परिच्छेदात सांगणारा माणूस हळवा खचितच नाही.

प्रश्न : त्यांच्या कथांतल्या स्त्रिया इतक्या ठाम आहेत. पण स्वतःच्या मुलींची लग्नं त्यांनी लहान वयात लावली हे खरं का?

उत्तर : खरं आहे. 1901 साली त्यांनी थोरल्या माधुरीलताचं लग्न केलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्याच वर्षी रेणुकाचंही झालं, ती जेमतेम दहाची. माधुरीलताच्या लग्नात हुंड्याची बोलणीही झाली. दहा वर्षांपूर्वी हुंड्यावर ‘देनापाओना’ लिहिणारा हाच माणूस. आता याला काय म्हणायचं? ढोंगी म्हणून हात झटकता येतील. पण त्यांच्याच कथा आपल्याला याहून जास्त नेमकं बघायला शिकवतात.

‘देनापाओना’त खलनायक उघड आहेत. हुंडा पूर्ण मिळाला नाही म्हणून निरुपमेचा छळ करणारी सासू आहे. नवरा नोकरीनिमित्त दूर. निरुपमा मरते, सासरचे थाटामाटात अंत्यविधी करतात आणि पुढच्या सुनेसाठी दुप्पट रक्कम रोख ठरवतात. ही 1891 सालची कथा चपराक मारून मोकळी होते.

1914 साली त्यांनी साधारण तीच गोष्ट ‘हैमंती’ या नावाने पुन्हा लिहिली. पुन्हा पैशांच्या अपेक्षा, पुन्हा सासरचं टोचणं, पुन्हा झिजून जाणारी सून. पण या वेळी गोष्ट नवरा सांगतो. तो शिकलेला आहे, बायकोवर त्याचं मनापासून प्रेम आहे, काय चाललंय ते त्याला कळतंय, आणि आईवडिलांसमोर तो एक पाऊल पुढे टाकत नाही. शेवटी तो सांगतो की आई आता दुसरी मुलगी बघते आहे, आणि तिची विनंती कदाचित आपल्याला मोडवणार नाही. मधल्या तेवीस वर्षांत रवींद्रनाथांनी बोट सासूकडून उचललं आणि गप्प बसलेल्या भल्या माणसावर ठेवलं. दरम्यान ते स्वतः मुलींचे बाप म्हणून त्या मांडवातून गेले होते. एवढ्यावरून कथेला कबुलीजबाब ठरवू नये. पण लिहिणाऱ्याला हा माणूस जवळून माहीत होता, एवढं नक्की.

त्याच वर्षी आलेली ‘स्त्रीर पत्र’ याची दुसरी बाजू दाखवते. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर मृणाल पुरीहून नवऱ्याला पहिलं पत्र लिहिते, ते घरी परत न येण्याचं. थोरल्या जावेची निराधार बहीण बिंदू हिला त्या घराने ओझं समजून एका वेड्याच्या गळ्यात बांधलं आणि शेवटी बिंदूने स्वतःला जाळून घेतलं. मृणाल नवऱ्याच्या वागणुकीवर ठपका ठेवत नाही. तुमच्यात दोष काढावा असं काही नाही, खाण्यापिण्याची ददात नाही, असं ती मान्य करते. आणि तरीही जाते. छळ होतो म्हणून घर सोडणारी नायिका कोणालाही समजते. काही वाईट नसताना सोडणारी पचवायला आजही जड जाते.

ही कथा प्रमथ चौधुरी यांच्या ‘सबुज पत्र’ मासिकात आली. खेड्यांची वर्णनं करणारी पत्रं जिच्या नावाने गेली होती त्या इंदिरादेवीचे ते पती. या मासिकाने बंगाली गद्याला पुस्तकी वळणातून बोलीभाषेकडे नेलं. मृणालचं पत्र ताठ आणि बोलतं वाटतं, त्यात त्या बदलाचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : या कथांवरचे सिनेमे बघितले तर कथा वाचल्यासारखंच होईल का?

उत्तर : बघा जरूर, पण आधी वाचा. सत्यजित राय यांनी 1961 मध्ये, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ‘तीन कन्या’त ‘पोस्टमास्टर’, ‘मणिहारा’ आणि ‘समाप्ति’ घेतल्या. त्यांची रतन पाय धरत नाही. ती नव्या मास्तरसाठी पाण्याची बादली घेऊन जुन्या मास्तरच्या शेजारून न बोलता निघून जाते, आणि तो हातात पैसे घेऊन उभा राहतो. रतनला स्वाभिमान मिळाला, पण नावेतलं ते सोयीस्कर तत्त्वज्ञान गेलं, आणि माझ्या मते कथेचा डंख तिथे होता. ‘नष्टनीड’वरच्या ‘चारुलता’त (1964) राय यांनी शेवट हात अर्धवट पुढे आलेल्या दोघांवर थांबवला आहे. कथेत तेवढीही आशा नाही. भूपती आपल्या वर्तमानपत्रात गुंतलेला सज्जन नवरा आहे, बायको केव्हा एकटी पडली ते त्याला कळलंच नाही. कळल्यावर तो म्हैसूरला जायला निघतो. मलाही न्या, असं चारू म्हणते. तो क्षणभर अडखळतो, मग चल म्हणतो. ते अडखळणं तिला दिसतं, आणि ती राहू दे म्हणते.

तपन सिन्हांचा बंगाली ‘काबुलीवाला’ (1957) आणि बिमल रॉय यांनी निर्मिलेला, बलराज साहनींचा हिंदी (1961) आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतात. ‘क्षुधित पाषाण’चा धागा घेऊन गुलजारांनी ‘लेकिन’ केला. त्याची निर्मिती लता मंगेशकरांची आणि संगीत हृदयनाथांचं, म्हणून तो मराठी घरांत विशेष ऐकला गेला. मूळ कथेतल्या पछाडलेल्या महालाचं बीज अहमदाबादचं आहे. थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेतले पहिले भारतीय. ते तेव्हाच्या मुंबई इलाख्यात न्यायाधीश असताना 1878 मध्ये रवींद्रनाथ त्यांच्याकडे अहमदाबादला शाहीबागेतल्या जुन्या मोगली महालात राहिले होते.

प्रश्न : वाचायची कुठून सुरुवात करू? बंगाली शिकावं लागेल का?

उत्तर : शिकलात तर उत्तमच. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले, त्या दिवसांवरचं त्यांचं ‘वंगचित्रे’ वाचलंत तर तुम्हालाही मोह होईल. पण अनुवादावरही भागतं, कारण या कथांचं बळ शब्दांच्या कसरतीपेक्षा प्रसंगांच्या जुळणीत जास्त आहे. अनुवाद निवडताना एकच बघा: शेवटचा परिच्छेद गोड केलेला नसावा.

संग्रह पहिल्या पानापासून वाचू नका. ‘पोस्टमास्टर’ झालीच आहे, आता ‘छुटी’ आणि लगेच ‘शास्ति’ वाचा. त्यानंतर ‘देनापाओना’ आणि ‘हैमंती’ एका बैठकीत, म्हणजे तेवीस वर्षांत लेखक कुठून कुठे आला ते दिसेल. ‘स्त्रीर पत्र’ त्यांच्या पाठोपाठ. ‘नष्टनीड’ सर्वांत लांब आहे, ती सुटीच्या दिवशी घ्या. ‘काबुलीवाला’ मात्र शेवटी ठेवा. शाळेत ती मिनी आणि रहमतची गोष्ट म्हणून शिकवतात, आणि मुलांसाठी ते बरोबरच आहे. आता वाचाल तेव्हा मिनीच्या बापाकडे लक्ष द्या. तो काय देतो, काय देऊ शकत नाही, आणि दिल्यावर त्याला किती बरं वाटतं, ते पाहा. त्या बरं वाटण्यावर पूर्ण विश्वास ठेवावा की नाही हे रवींद्रनाथांनी ठरवून दिलेलं नाही, म्हणून ही कथा मोठेपणी पुन्हा वाचायला हवी.